आयदर ऑर सर्व्हायव्हर

कादंबरीतल्या मित्रांचा मला फार हेवा वाटतो. ते एकमेकांसाठी रात्र रात्र जागतात, तुरुंगात जातात, वेळ आली तर जीवसुद्धा देतात. जीव द्यायला तिथे फारसं काही लागत नाही म्हणा. लेखकाने एक प्रकरण खर्ची टाकलं की काम भागतं. पण तीनशे-चारशे पानांत एकदाही कोणी आपल्या जिवलग मित्राला, "अरे, परवाच्या रिक्षाचे तुझ्याकडे चाळीस रुपये राहिले," असं म्हणत नाही. मैत्री, निष्ठा, एका ध्येयाचा ध्यास, सगळं आहे. हिशेब तेवढा नाही.

अपवाद एकच आठवतो, तोही चारशे वर्षांपूर्वीचा. डॉन किहोतेच्या दुसऱ्या भागात त्याचा सेवक सांचो पांझा बायकोच्या सांगण्यावरून धन्याकडे महिना ठरावीक पगार मागतो. आतापर्यंतचा करार असा की, पराक्रम करून बेटं जिंकली की एक बेट सांचोला. बायकोचं म्हणणं, बेट मिळेल तेव्हा मिळेल, महिन्याचं काय? त्यावर डॉन किहोते काय म्हणाला असेल? तो म्हणाला की, सरदारांच्या आजवर एवढ्या पोथ्या मी वाचल्या, त्यांत सेवकाला पगार दिल्याचा उल्लेख कुठेच नाही! आमच्या मॅनेजमेंटनेही वाटाघाटींत इतका बिनतोड मुद्दा कधी काढलेला नाही.

हे असलंच माझ्या लक्षात राहतं याचं कारण मी कॉमर्सचा माणूस. बी. कॉम. झालेला मनुष्य कादंबरी वाचतो तेव्हा मनातल्या मनात समासात बेरीज करत असतो. मी बँकेत क्लार्क आहे. म्हणजे होतो. अलीकडे आमचं नाव बदलून 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' झालं. खुर्ची तीच, पंखा तोच, पासबुकाच्या प्रिंटरचा रुसवाही तोच. फक्त मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात आता अक्षरं मावत नाहीत. राहायला मोरिवलीला. मोरिवली कुठे, तर अंबरनाथला. अंबरनाथ कुठे, तर कल्याणच्या पुढे. आणि 'कल्याणच्या पुढे' म्हटल्यावर दादरचा माणूस पुढचं विचारत नाही, तो एकदम सहानुभूतीच दाखवायला लागतो. आमच्याकडे एम. आय. डी. सी. असल्यामुळे वारा कुठून येतोय हे आम्हांला नाकाने कळतं. पण कल्याणच्या पुढे राहण्याचा एक मोठा फायदा आहे. गाडीत वेळ भरपूर मिळतो. त्या वेळात माणसं दोनच गोष्टी करतात, झोपतात किंवा मैत्री. मी वाचतोही, पण ते बसायला मिळालं तर.

असाच एकदा बसायला मिळालं तेव्हा जॉन स्टाइनबेकची 'ऑफ माइस अँड मेन' वाचली. १९३७ सालची, अगदी छोटी कादंबरी. अंबरनाथला सुरू केली, घाटकोपर यायच्या आत निम्मी झाली. जॉर्ज आणि लेनी हे दोन मजूर कॅलिफोर्नियात या शेतावरून त्या शेतावर काम शोधत हिंडतात. जॉर्ज चुणचुणीत. लेनी अंगाने रेडा आणि बुद्धीने पोर. दोघांचं मिळून एक स्वप्न आहे. आपली स्वतःची थोडीशी जमीन असावी, त्यावर छोटं घर, भाजीचे वाफे, कोंबड्या, आणि ससे. सशांना गवत घालायचं काम लेनीचं. लेनी पुन्हा पुन्हा म्हणतो, सांग ना, आपलं कसं होणार ते सांग ना. आणि जॉर्ज वैतागत वैतागत पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगतो.

वाचणाऱ्याचे डोळे इथे ओले होतात. माझेही झाले असते, पण त्याआधी मी आकडेमोडीला लागलो. जमिनीची किंमत सहाशे डॉलर. दोघांची मिळून शिल्लक दहा डॉलर. म्हणजे स्वतःची गुंतवणूक पावणेदोन टक्केसुद्धा नाही! उत्पन्नाचा दाखला नाही, एका पत्त्यावर महिनाभर राहिलेले नाहीत, आणि सह-अर्जदाराला विचारलं, व्यवसाय काय, तर तो म्हणणार ससे. असा अर्ज घेऊन कोणी आमच्या काउंटरवर आलं तर आम्ही त्याला प्रेमाने पाणी देऊ आणि शेजारच्या बँकेत पाठवू. पुढे कँडी नावाचा एक म्हातारा या स्वप्नात शिरतो. कामावर त्याचा एक हात गेला, त्याच्या भरपाईचे अडीचशे डॉलर, बँकेतले पन्नास आणि महिनाअखेरीला यायचे पन्नास असे साडेतीनशे तो पुढे करतो. एका तुटक्या हातामुळे स्वप्न एकदम निम्म्याच्या वर तारणात येतं. त्या क्षणी तिघेही गप्प होतात. आजवर बोलायची असलेली गोष्ट आता होण्याची झाली, याची त्यांना भीती वाटते. स्टाइनबेकला बँकेत घ्यायला हवं होतं असं मला त्या पानावर वाटलं.

ती गोष्ट काही होत नाही. लेनीच्या हातून नकळत एक खून होतो, लोक त्याला मारायला निघतात, आणि त्यांच्या हाती तो लागू नये म्हणून जॉर्ज त्याला स्वतःच्या हाताने गोळी घालतो. शेवटपर्यंत ती जमीन आणि ते ससे सांगत सांगत. आणि त्याच्या थोडं आधी जॉर्ज कबूल करतो की, हे होणार नाही हे मला बहुतेक पहिल्यापासून माहीत होतं. पण लेनीला ऐकायला इतकं आवडायचं की, मलाच खरं वाटायला लागलं.

या मैत्रीला नावं ठेवायची माझी छाती नाही. पण एक सांगू का? ही मैत्री परीक्षेला बसलीच नाही. समजा, जमीन मिळाली असती. पहिल्या पावसात छप्पर गळलं असतं. सशांचं गवत महाग झालं असतं. कँडी म्हणाला असता, पैसे माझे जास्त आहेत, तेव्हा उगवतीकडची खोली मला. जॉर्जला लग्न करावंसं वाटलं असतं. मग बघायची होती गंमत! स्वप्न हुकलेल्या मित्रांवर जगात ढिगाने कादंबऱ्या आहेत, आणि सगळ्या डोळे पुसायला लावतात. स्वप्न खरं झालेल्या मित्रांवर किती आहेत? अशी एक सापडायला मला सहाशे डॉलरच्या जमिनीवरून उठून पुण्याला यावं लागलं.

ती म्हणजे गंगाधर गाडगीळांची 'दुर्दम्य', टिळकांच्या आयुष्यावरची दोन भागांची कादंबरी. गाडगीळ अर्थशास्त्राचे प्राध्यापक, कॉमर्स कॉलेजचे प्राचार्य, आणि बंडूच्या विनोदी गोष्टी लिहिणारेही तेच. म्हणजे आमच्या शाखेची अब्रू राखणारा माणूस. पुतळ्याला पात्र करून चालवणं सोपं नाही. टिळकांचा पुतळा आपण इतक्या चौकांत पाहिलेला असतो की, हा मनुष्य तेवीस वर्षांचा होता, कॉलेजातल्या एका दोस्ताबरोबर तासन् तास वाद घालत होता, हे आपल्या ध्यानातच येत नाही. तो दोस्त म्हणजे गोपाळ गणेश आगरकर. आमच्या शाळेत टिळकांचा धडा वेगळा आणि आगरकरांचा वेगळा होता. दोघांना एकमेकांची ओळख असेल अशी शंकाही कोणाला येऊ नये अशी व्यवस्था. या दोघांना एकत्र आणायला कादंबरीकार लागला, आणि १९८० साली विश्राम बेडेकरांनी 'टिळक आणि आगरकर' हे नाटकच लिहिलं.

दोघेही १८५६च्या जुलैमधले. आगरकर १४ तारखेचे, टिळक २३ तारखेचे. डेक्कन कॉलेजात ठरलं की, सरकारी नोकरी करायची नाही. शाळा काढायची, लोकांना शिकवायचं, त्यातच जन्म घालवायचा. त्या काळी पदवीधराला सरकारी नोकरी म्हणजे आजच्या अमेरिकेसारखी होती. आगरकरांची गरिबी तर अशी की, एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालायचा, असं त्यांच्याविषयी सांगतात. अशा घरातल्या मुलाने आईला पत्र लिहून कळवलं की, तुझ्या मुलाच्या मोठ्या परीक्षा झाल्या, आता मोठा पगार येईल, अशी आशा धरू नकोस. माझ्या ओळखीत असं पत्र पाठवलेला एकही मनुष्य नाही. आमच्या आयांना ते पगाराची चिठ्ठी बघूनच समजलं.

आणि मग स्वप्न धडाधड खरं व्हायला लागलं. २ जानेवारी १८८० ला विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल. एम. ए. पुरं करून आगरकर पुढल्या वर्षी येऊन मिळाले. १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा'. केसरीचे संपादक आगरकर. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांनी, म्हणजे माधवराव बर्वे यांनी, केलेल्या बदनामीच्या फिर्यादीत दोघांना चार महिन्यांची शिक्षा. त्यातले १०१ दिवस मुंबईला डोंगरीच्या तुरुंगात काढले. आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिलं. त्यावरून दिसतं ते असं की, एवढ्याशा कोठडीत हे दोघे रात्री इतक्या मोठ्याने वाद घालत की, पहारेकऱ्याने येऊन दटवावं. आम्ही लोकलमध्ये मोठ्याने बोललो तर शेजारचा दटावतो, तेवढंच काय ते साम्य. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. पाच वर्षांत शाळा, दोन वर्तमानपत्रं, सोसायटी, कॉलेज आणि एक तुरुंग! जॉर्ज आणि लेनीला एवढ्या अवधीत एक ससा जमला नाही.

आता इथे मला थोडं बँकेतलं बोलायला परवानगी द्या. दोन माणसांनी मिळून खातं काढलं की, आम्ही विचारतो, ऑपरेशन कसं ठेवायचं? एक पद्धत 'जॉइंटली', म्हणजे दर वेळी दोघांच्या सह्या. एकाची नसेल तर पैसा हलत नाही. दुसरी 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कोणीही एकाने सही करावी, आणि दोघांपैकी एक गेला तर उरलेल्याने. हे समजावून सांगताना 'आयदर'पर्यंत लोक माना डोलावतात. 'सर्व्हायव्हर'ला आलो की, दोघे एकमेकांकडे बघतात आणि बघून न बघितल्यासारखं करतात. नवरा-बायको असतील तर बायको म्हणते, "काहीतरी अभद्र नका बोलू हो." मी म्हणतो, "बाई, मी नाही बोलत, फॉर्म बोलतो."

टिळक-आगरकरांच्या स्वप्नाचं खातं सुरुवातीला आयदर ऑर सर्व्हायव्हर होतं. एकाने केलेली सही दुसऱ्यावर बंधनकारक. एक केसरीचा संपादक, दुसरा मराठ्याचा. शिक्षा झाली तर दोघे आत. मग ते खातं हळूहळू 'जॉइंटली' होत गेलं, आणि एक दिवस एकाची सही मिळेना. हे कसं होतं ते मला पुस्तकातून नीट कळलं नसतं. माझ्या स्वतःच्या एका खात्यावरून कळलं, म्हणून ते सांगतो.

माझा गाडीतला एक मित्र आहे. नाव सांगत नाही, त्याची बायको पुस्तकं वाचते. तो विम्याच्या ऑफिसात, मी बँकेत. म्हणजे एकजण लोकांना मरणाची भीती घालणारा आणि दुसरा जगण्याची. वीसएक वर्षं आम्ही सकाळची एकच गाडी पकडतो. त्या गाडीत, एका पायावर उभं राहून, आम्ही एक स्वप्न बांधलं. बदलापूरच्या पुढे, वांगणीच्या अंगाला, दोघांत मिळून जमिनीचा एक तुकडा घ्यायचा. त्यावर दोन-दोन खोल्यांची दोन घरं, मध्ये एकच ओटा. विहीर पाहिजेच. जांभळाचं झाड पाहिजे. बदलापूरकडे राहून जांभूळ नाही म्हणजे काय! रिटायर झालो की, सकाळी ओट्यावर चहा घेत बसायचं आणि गाडीचा आवाज आला की, घड्याळाकडे न बघता म्हणायचं, "गेली." एवढंच. हे आम्ही इतक्या वेळा बोललो की, शेजारी उभे राहणारे लोकही चुकलं तर दुरुस्त करायचे. "काका, मागच्या वेळी विहीर उजवीकडे होती."

२००९ साली आम्ही तो घेतलासुद्धा. पाच गुंठे, एन. ए., सातबाऱ्यावर दोघांची नावं. त्या वर्षी जांभळाचं रोप लावलं. विहिरीचं पुढे पुढे ढकललं जात होतं. पण २०१९च्या २७ जुलैला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली, प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं, त्या दिवशी आमच्या प्लॉटवरही इतकं पाणी होतं की, विहिरीचा खर्च वाचल्यासारखं वाटलं. झाड मात्र वाचलं. मध्ये चिखलोलीला स्टेशन होणार अशी हवा उठली आणि आसपासच्या जमिनीचे भाव वर गेले. आमच्या तुकड्यालाही भाव आला. भाव आला आणि मित्राच्या मुलीला मेडिकलला ॲडमिशन मिळाली, दोन्ही एकाच वर्षी.

कल्याण ते ठाण्याच्या दरम्यान तो मला म्हणाला, "विकूया रे."

मी म्हणालो, "नको."

यापलीकडे आमचं भांडण असं काही झालं नाही. तो म्हणाला, "अरे, ते स्वप्न माणसांसाठीच होतं ना? माझ्या घरातल्या माणसाला आज गरज आहे. मग ते कोणासाठी राखायचं?" मी म्हणालो, "आज विकलं तर उद्यापासून आपण गाडीत बोलायचं काय?" तो हसला नाही. मीही विनोद केला नव्हता. माझ्या सहीशिवाय विक्री होणार नव्हती हे आम्हां दोघांना ठाऊक होतं, आणि ते दोघांपैकी कोणीही बोललं नाही. त्याने शैक्षणिक कर्ज काढलं. मुलगी शिकते आहे. गाडी तीच आहे. फक्त तेव्हापासून तो चहाचे पैसे आपले आपले देतो. प्लॉटची पट्टी मी भरली तर निम्मे पैसे सुट्या नाण्यांसकट पाकिटात घालून आणतो. एवढी चोख वागणूक मी वीस वर्षांत कधी सहन केलेली नाही.

आता परत पुण्याला चला. तिकडे सोसायटीच्या आजीव सभासदांना पगार महिना ७५ रुपये. ध्येय म्हणून तो सुरुवातीला पुरेसा होता. पण संसार वाढतात, पोरंबाळं होतात. आगरकरांना तर दम्याचं दुखणं. त्यांच्या बाजूचे म्हणू लागले, पगार वाढवा. टिळक म्हणाले, वाढवायचा नाही. जेझुइट पाद्र्यांसारखं सर्वस्व वाहायचं ठरलं होतं ना? सभासदांनी बाहेर काम करून कमवावं की न कमवावं, बाहेरून आलेला पैसा त्यांचा की संस्थेचा, यावरून पत्रापत्री झाली. होळकर महाराजांनी दिलेल्या देणगीवरूनसुद्धा झाली. मराठी मुलखातली दोन सर्वांत निःस्वार्थी माणसं पैशांवरून भांडत होती! आणि तिकडे केसरीत दुसरंच. आगरकरांना बालविवाहावर, बायकांच्या शिक्षणावर, जुन्या रूढींवर सरळ घाव घालायचा. बाकीच्यांना ते पत्राच्या नावाने नको. १८८७ मध्ये आगरकरांनी केसरी सोडला, पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला, आणि दोन जिवलग मित्र छापील शब्दांनी एकमेकांना ओरबाडू लागले. १८९० मध्ये टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. राजीनामा कसला, भला मोठा ग्रंथच. आयुष्याचं ध्येयच सोडतो आहे अशा दुःखाने लिहिलेला.

भागीदारी फुटल्यावर वाटणी कशी झाली बघा. ज्याने शाळेच्या पहिल्या दिवसापासून ती उभी केली, त्या टिळकांकडे कॉलेज राहिलं नाही. ज्याने केसरीचं पहिलं संपादकपद सांभाळलं, त्या आगरकरांकडे केसरी राहिला नाही. एकाच्या हाती वर्तमानपत्र, डोक्यावरच्या कर्जासकट. दुसरा १८९२ मध्ये कॉलेजचा प्राचार्य, दम्यासकट.

बेइमान कोण? तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगतो, माझं मत रोज बदलतं. सकाळी गाडीत उभा असताना मी आगरकरांच्या बाजूचा. महागाई वाढली म्हणून पगार वाढवून मागणाऱ्याला मी बेइमान म्हटलं तर युनियन माझी वर्गणी परत करील. स्वप्नासाठी आपण उपाशी राहावं हे ठीक, पण पोरांनाही त्या स्वप्नात सही करायला लावायची? संध्याकाळी, प्लॉटच्या सातबाऱ्याकडे बघताना, मी टिळकांच्या बाजूचा. पाच रुपये आज वाढवले, उद्या दहा, परवा प्रत्येकजण आपापल्या घराकडे बघणार, आणि ज्यासाठी आपण एकत्र आलो ते कपाटात. मित्राशी इमान आणि मित्राबरोबर पाहिलेल्या स्वप्नाशी इमान, ही दोन खाती वेगळी आहेत, हे खातं काढताना कोणी सांगत नाही.

आणि स्वप्न तरी एक होतं का? मला अलीकडे ही शंका फार येते. 'लोकांना शहाणं करायचं' असं दोघेही म्हणत होते. डोंगरीच्या कोठडीत दोघांचा शब्द एक होता. पण आगरकरांच्या मनात लोकांनी शहाणं व्हायचं ते आधी आपल्याच घरातल्या रूढींपासून सुटायला, आणि टिळकांच्या मनात आधी परक्या राज्यापासून सुटायला. शाळा निघेपर्यंत हा फरक कळायचं कारण नव्हतं. दोघांनाही शाळाच हवी होती. जॉर्ज आणि लेनीचंही तेच. जॉर्ज त्या जमिनीत मालकाचा हुकूम नसणं बघत होता, लेनीला फक्त ससे दिसत होते. माझ्या मित्राला त्या पाच गुंठ्यांत पोरांच्या पाठीशी काहीतरी असणं दिसत होतं. मला ओट्यावर तो दिसत होता. वीस वर्षं आम्ही एकाच विहिरीबद्दल बोलत होतो. पाणी दोघांनी वेगवेगळं काढलं.

डोंगरीतच आगरकरांनी 'हॅम्लेट'चं मराठी केलं, 'विकारविलसित'. त्यात शेवटी हॅम्लेट मरायला लागतो तेव्हा त्याचा मित्र होरेशो उरलेलं विष पिऊन त्याच्याबरोबर जायला निघतो. हॅम्लेट त्याला अडवतो. तू जग, आणि माझी हकीगत लोकांना सांग, म्हणतो. शेजारी टिळक बसलेले असताना आगरकर हे मराठीत आणत होते, आणि मधूनमधून वाद घालायला थांबत होते. नाटककाराने रचलं असतं तर आपण म्हटलं असतं, फार ओढून ताणून आणलंय.

आगरकर १७ जून १८९५ ला गेले. एकोणचाळिसावं वर्षसुद्धा पुरं झालं नव्हतं. जिवंतपणीच सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढून झाली होती. चरित्रकार सांगतात की, गेल्यावर त्यांच्या उशाशी एक पुडी सापडली, आपल्या दहनाच्या खर्चासाठी बाजूला काढून ठेवलेल्या पैशांची, तसं वर लिहिलेली. मरणाच्या खर्चाचा भारही दुसऱ्यावर नको. केसरीत मृत्युलेख कोणी लिहायचा? टिळकांनी लिहिला. ज्यांची लेखणी अग्रलेख सरसर सांगून मोकळी व्हायची, त्यांना त्या एवढ्याशा मजकुराला तास न् तास लागले, डोळ्यांतलं पाणी खळेना, असं सांगतात. मागच्या आठ वर्षांतल्या भांडणाचा निकाल त्यात लागला नाही. लागण्यासारखा नव्हताच. उरलेल्याने सही करायची होती, ती टिळकांनी केली.

हे सगळं मी परवा गाडीत मित्राला सांगितलं. डोंबिवलीपासून सुरू केलं होतं. तो खिडकीकडे तोंड करून ऐकत होता. पुडीचं सांगितलं तेव्हा त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मृत्युलेखापर्यंत आलो तोवर विठ्ठलवाडी गेलं होतं.

"म्हणजे तू माझ्यावर लिहिणार," तो म्हणाला.

"आधी तू गेलास तर. आणि आधी मी गेलो तर तू लिही."

"मी विम्यातला माणूस. मला फक्त क्लेम फॉर्म भरता येतो." मग थोड्या वेळाने म्हणाला, "लिहिशील तेव्हा गट नंबर नीट लिही हं. मागच्या वेळी पट्टीच्या पावतीवर तू चुकीचा टाकला होतास."

"आणि विहीर?"

"विहीर उजवीकडे," तो म्हणाला, आणि उल्हासनगरला माणसं चढली.